बातमीदाराचे डोके

बातमीदाराने कमरेचा पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, सुटी नाणी, पेन, चष्मा, घड्याळ असा सगळा संसार प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मांडला आणि एका हाताने पँट धरून तो उभा राहिला. काचेपलीकडे संशोधन संस्थेच्या खुल्या दिवसाला प्रयोगशाळा बघायला आलेले पाहुणे दाटीवाटीने उभे होते. त्यांतल्या एका लहान मुलीने त्याला हात केला. त्यानेही केला. पँट घसरली, तसा हात ताबडतोब कामावर रुजू झाला.

"शरीरात कुठे धातू?" निर्विकार मॅडमनी विचारले.

"नाही."

"पेसमेकर, प्लेट, स्क्रू, खिळा?"

"खिळा कशाला असेल?"

"हो की नाही एवढंच सांगायचं."

"नाही."

"बंद जागेची भीती?"

"सकाळपर्यंत नव्हती."

मॅडमनी ते 'नाही'त धरले.

एमआरआयचे यंत्र मॅडम चालवत. निर्विकार हे त्यांचे खरे नाव नव्हते, पण खरे नाव आता त्यांच्या घरचेच लोक वापरत असावेत. नळीतून बाहेर येणारा माणूस सगळ्यांत आधी यंत्र चालवणाऱ्याचा चेहरा वाचतो, म्हणून पडद्यावर काहीही दिसले तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही, असा नियम आहे. मॅडमनी तो इतका मनावर घेतला होता की त्यांच्या बढतीची बातमी सांगायला गेलेल्या माणसाने शेवटी त्यांची माफी मागितली होती.

आजच्या कार्यक्रमात खरे तर बातमीदार यंत्रात झोपणार नव्हता. त्याचे काम वेगळे होते. संस्थेच्या संकेतस्थळावर 'बातम्या आणि कार्यक्रम' नावाचे पान होते, ते भरायचे. कोणत्या प्रयोगशाळेला काय मिळाले, कोण व्याख्यानाला आले, कोण निवृत्त झाले आणि त्यांच्याविषयी चार शब्द कोणी बोलले. 'जिवंत मेंदू पाहा! रक्तवाहिन्यांचे झाड पाहा!' हे फाटकावरचे फलकही त्यानेच लिहिले होते. उद्गारचिन्हे त्याची. मेंदू मात्र एका संशोधक विद्यार्थ्याचा ठरला होता आणि तो विद्यार्थी सकाळी दातांना तारा बसवून आला.

"कालच लावल्या," तो म्हणाला. तोंडभर चकाकी होती.

तारांचा माणूस नळीत घातला की मेंदूच्या जागी काळा ढग दिसतो. लगेच दुसऱ्या डोक्याचा शोध सुरू झाला. छायाचित्रकाराच्या मांडीत मोटरसायकलच्या अपघातापासून सळई होती. संचालकांच्या हृदयात स्टेंट होते आणि 'उगाच भानगड नको' असे त्यांनी स्वतःच ठरवले. मेंदूवाल्या सरांना पाहुण्यांना समजावून सांगायचे होते, शिवाय त्यांचा एक गुडघा त्यांचा नव्हता. मानवी आरोग्यासाठी झटणाऱ्या त्या संस्थेत धडधाकट माणूस मिळेना.

"तुम्हीच झोपा की," संचालक बातमीदाराला म्हणाले. "कार्यक्रम तुमचाच आहे."

नाही म्हणायला कारण द्यावे लागले असते. ते कारण त्याने बहिणीखेरीज कुणाला सांगितले नव्हते.

काही वर्षांपूर्वी त्याचे वडील बूट घालायला वाकले आणि उठलेच नाहीत. डोक्यातली एक रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगली होती, ती फुटली. त्याआधी आत्याचे तसेच झाले होते. डॉक्टरांनी दोघा भावंडांना बाजूला घेऊन सांगितले, हे घराण्यात चालते, दोघांनीही एकदा डोक्याचे स्कॅन करून घ्या, फुगा असलाच तर वेळेवर बंदोबस्त करता येतो. दोघांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. घरी येऊन आईला सांगितले की केले, दोघांचेही स्वच्छ आहे. आईने मोठा सुस्कारा सोडला आणि विषय तिच्यापुरता मिटला. मग दोघेही गेले नाहीत. आज नको, या महिन्यात नको, थंडी कमी होऊ दे, ताई शिकवते त्या शाळेच्या परीक्षा होऊ देत. पुढे तर बातमीदाराला नोकरीच अशी लागली की एमआरआयच्या खोलीची भिंत त्याच्या खुर्चीला लागून. दिवसभर भिंत धडधडे आणि तो तिला पाठ टेकून, या यंत्राने किती लोकांचे प्राण वाचवले त्याची बातमी लिही.

ताई दुसऱ्या गावी असे, आई तिच्याजवळ. दर रविवारी फोन होई. आई अंघोळीला गेली की दोघे मुद्द्यावर येत.

"डोकं कसंय?"

"उजवीकडे ठणकतंय. तुझं?"

"मागच्या बाजूला. पण हलकंच."

"मागचं चांगलं असतं रे बारक्या."

"कोण म्हणालं?"

"मीच म्हणते."

दोघांनाही बरे वाटे.

तर असा बातमीदार त्या दिवशी नळीत गेला. डोक्यावर पिंजरा बसवला, कानांत बोळे घातले, हातात रबरी फुगा दिला. असह्य झाले तर दाबायचा. फुगा हातात देण्यामागे संस्थेचा काही वाईट हेतू नव्हता. मग धडधड सुरू झाली. शेजाऱ्याने भिंतीत खिळा ठोकावा, ठोकून झाल्यावर विचार बदलावा आणि दुसरीकडे ठोकावा, तशी. मधल्या शांततेत त्याला काचेपलीकडचे ऐकू येऊ लागले. मॅडमच्या टेबलावरचा माइक चालू राहिला होता.

"आता आपण या गृहस्थांच्या कवटीच्या आत शिरलो," मेंदूवाले सर सांगत होते.

"काका आत्ता काय विचार करतायत?" मघाच्याच मुलीचा आवाज असावा.

"ते यात दिसत नाही."

"मग काय उपयोग?"

पाहुणे हसले. सरही हसले, पण जरा उशिरा.

"आणि हे बघा, रक्तवाहिन्यांचं झाड. कुठलंही इंजेक्शन न देता. केवढ्या फांद्या आहेत बघा."

पाहुण्यांनी 'ओहो' केले. बातमीदाराने डोळे मिटून घेतले. त्या झाडाला काय लागले आहे हे आता गावाला दिसत होते आणि त्याला दिसत नव्हते.

"सर," मॅडमचा आवाज आला. "जरा इकडे येता?"

"काय झालं?"

"हे बघा ना."

आणि माइक खट्कन बंद झाला.

नळीतून बाहेर आल्यावर त्याने सगळ्यांसारखेच केले. चष्मा लावायच्या आधीच मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिले. नीट दिसेना म्हणून चष्मा लावून पाहिले.

मॅडम हसत होत्या.

"बसा थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "घाई नका करू. पाणी आणू का?"

*

"हसली?" छायाचित्रकाराने कॅन्टीनमध्ये विचारले. "कुणाकडे बघून?"

"माझ्याकडे."

"मागे कोणी होतं का?"

"मागे यंत्र होतं."

"मग यंत्राकडे बघून हसली असेल." त्याने थोडा विचार केला. "दात दिसले?"

"दिसले."

छायाचित्रकाराने चहात बुडवलेले बिस्कीट तसेच राहू दिले. ते तुटून तळाला गेले तरी त्याचे लक्ष नव्हते.

"तुला काही होतंय का रे?"

"नाही."

"नाही, म्हणजे नसेलच. पण ती हसली म्हणजे..." वाक्य त्याने चहात सोडून दिले. "आणि मी फोटो नाही काढला! कॅमेरा आत नेऊ देत नाहीत. काय नुकसान झालं बघ."

बातमीदाराला पुढचे सगळे तोंडपाठ होते, कारण ते त्यानेच लिहिले होते. 'स्वयंसेवकांसाठी माहिती' या मजकुरात. तपासणीत अनपेक्षित काही आढळले तर यंत्र चालवणारी व्यक्ती काही सांगत नाही. चित्रे रुग्णालयातल्या तज्ज्ञाला दाखवली जातात. तज्ज्ञाने दुजोरा दिला की स्वतः संचालक स्वयंसेवकाला बोलावून हळुवारपणे कल्पना देतात. 'हळुवारपणे' हा शब्द आधी नव्हता. मजकूर कोरडा वाटतो म्हणून त्यानेच घातला होता.

पुढचे काही दिवस हळुवारपणाची चाहूल लागत राहिली. मॅडमनी त्याला दोनदा नमस्कार केला. मेंदूवाले सर व्हरांड्यात समोरून आले, थांबले, आणि जागा विकत घेण्याआधी माणूस जशी डोळ्यांनी मोजून बघतो, तसे त्याचे कपाळ या कानापासून त्या कानापर्यंत बघून "वा" म्हणून निघून गेले. बातमीदाराने टेबलाचा खण आवरला. मऊ पडलेली बिस्किटे टाकली. संकेतस्थळाचे पासवर्ड पुढच्या माणसाला कळावेत म्हणून सुवाच्य अक्षरात लिहून काढले. संस्थेतले कोणी गेले तर लावायचा श्रद्धांजलीचा एक तयार मजकूर असे, नावापुरती जागा सोडलेला. तो उघडून त्याने शुद्धलेखन तपासले. 'मनमिळाऊ' काढून टाकले. कुणाला खोटे बोलायला लावू नये.

रविवारी ताईचा फोन आला.

"डोकं कसंय?"

"छान आहे."

ताईने पलीकडे टीव्ही बंद केला.

"छान म्हणजे?"

"म्हणजे दुखत नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

"बारक्या, काय लपवतोयस?"

"काही नाही गं."

"आजवर कधी छान नव्हतं तुझं. खरं सांग."

"मागे थोडं दुखतंय," तो म्हणाला.

"हां," ताई म्हणाली आणि तिने सोडलेला श्वास त्याला इकडे ऐकू आला. "मग असं सांगावं ना. किती घाबरवायचं माणसाला!"

तिला कसे सांगावे, हे त्याला कळेना. त्याच्यात फुगा निघाला तर तिच्यातही असण्याची शक्यता आली. त्याच्या एका डोक्याच्या बातमीत दोन डोकी होती.

*

सोमवारी संचालकांकडून निरोप आला, 'वेळ मिळेल तेव्हा या.' संचालकांनी आजवर कुणाच्याही वेळेची चौकशी केली नव्हती. बातमीदार ताबडतोब गेला.

खोलीत संचालक होते, मेंदूवाले सर होते आणि खिडकीशी निर्विकार मॅडम उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पुन्हा नियमात बसला होता.

"या, या. बसा." संचालकांनी पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर सरकवला. "घरी कोण कोण असतं?"

"मी एकटाच. आई बहिणीकडे असते."

"हं. त्यांच्याशी बोलून घ्यावं लागेल."

"आधी मला सांगा."

"सर सांगतील. त्यांचा विषय आहे."

सरांनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघा, घाबरू नका."

"मी घाबरत नाही," बातमीदार म्हणाला आणि ग्लासभर पाणी एका दमात प्यायला. मग संचालकांच्या ग्लासातलेही प्यायला.

"तुमचा मेंदू," सर म्हणाले, "फार विचित्र आहे."

"विचित्र म्हणजे?"

"त्यात काहीच नाही."

"काहीच नाही?"

"मेंदू आहे," संचालकांनी घाईने खुलासा केला. "मेंदू आहेच. सर, नीट सांगा हो त्यांना."

सरांनी नीट सांगितले. माणसाचा मेंदू कधी सरळ नसतो. कुणाचा डावीकडे फुगलेला, कुणाच्या घड्या जास्त, कुणाचा मागून चपटा. म्हणून संस्थेत आजवर तपासलेल्या सगळ्या मेंदूंची बेरीज करून, भागाकार करून, संगणकात एक सरासरी मेंदू बनवलेला आहे. तो कुणाचाच नाही. नवीन मेंदू आला की या सरासरीशेजारी ठेवायचा आणि कुठे किती फरक पडतो ते बघायचे. फरक पडतोच.

"तुमचा पडेना," सर म्हणाले. "घडी ना घडी तीच. मॅडमना वाटलं, चुकून सरासरीचीच फाइल उघडली."

"तपासलं मी," मॅडम खिडकीपासूनच म्हणाल्या. "तुमचाच निघाला."

"म्हणजे मी..." बातमीदाराने शब्द शोधला. "सर्वसामान्य?"

"असामान्यरीत्या सर्वसामान्य," सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "असा मेंदू प्रत्यक्ष कुणाच्या डोक्यात असेल असं मला वाटलंच नव्हतं. लोक आयुष्यभर शोधतात हो!"

"म्हणून घरच्यांशी बोला म्हटलं," संचालक म्हणाले. "तुमची परवानगी असेल तर ही चित्रं आपण सगळ्यांसाठी खुली करू. ठिकठिकाणचे डॉक्टर आपल्या रुग्णाचा मेंदू तुमच्या मेंदूशेजारी ठेवून बघतील. फुटपट्टीसारखा. घरच्यांना कुणाला आवडायचं नाही, म्हणून म्हटलं."

बातमीदाराने यातले फार थोडे ऐकले. त्याचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते.

"आणि रक्तवाहिन्या?"

"त्यांचं काय?"

"त्यांत काही... फुगलेलं वगैरे?"

"छे छे. फुटपट्टी म्हणून वापरायचं तर नीट तपासून घ्यावं लागतं. रुग्णालयातले तज्ज्ञ खास त्याच कामाचे आहेत. त्यांनी एकेक फांदी बघितली. काही नाही. बघताना जांभई दिली त्यांनी."

"जांभई?"

"हो."

"तुम्ही स्वतः बघितलीत?"

"समोरच बसलो होतो."

"मोठी होती?"

सरांनी संचालकांकडे पाहिले. संचालकांनी 'सांगा' अशी मान हलवली.

"बऱ्यापैकी," सर म्हणाले. "माफी मागितली त्यांनी नंतर."

बातमीदाराने मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले. संचालकांनी टेबलावर रुमाल, कागद, काहीतरी शोधले आणि शेवटी हाताला लागला तो वार्षिक अहवाल त्याच्यापुढे धरला.

"अहो, वाईट नका वाटून घेऊ," ते हळुवारपणे म्हणाले. "साधारण असणं म्हणजे कमीपणा नाही. मी स्वतःसुद्धा बराच साधारण आहे."

"तुमचा इतका नाही, सर," मॅडम म्हणाल्या.

मग त्या पुढे आल्या आणि त्यांनी रिकामे ग्लास पुन्हा भरले.

"माझं चुकलं," त्या बातमीदाराला म्हणाल्या. "हसायला नको होतं. नियम आहे. पण इतकी वर्षं त्या पडद्यावर काही ना काही निघतंच हो. कुणाचं काय, कुणाचं काय. मुकाट्याने बघायचं. परवा पहिल्यांदाच असं झालं की बघत राहावं आणि काहीच निघू नये."

त्यांच्या चेहऱ्यावर या वेळीही काही नव्हते. बातमीदाराने उठून त्यांच्याशी हस्तांदोलन केले. मग सरांशी केले, संचालकांशी केले, आणि दाराशी आलेल्या टपालवाल्याशीही केले.

"बातमी तुम्हीच लिहा," संचालक मागून म्हणाले. "मथळा मात्र झणझणीत हवा."

*

मथळा झणझणीत होईना. 'संस्थेला सापडला सर्वात साधारण मेंदू' हे संचालकांनी सुचवले होते. त्यात संस्था कुठेतरी तो हरवून बसली होती असे वाटत होते. 'आमच्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात काही नाही' हे छायाचित्रकाराने सुचवले. तो फोटो काढायला आला होता.

"साधारण दिस जरा," कॅमेऱ्यामागून तो म्हणाला.

"दिसतोच आहे."

"नाही, अजून थोडा. हसू नकोस. किती दात काढतोयस! सगळ्या संस्थेला लागण झाली की काय?"

बातमीदार बाहेर पडला. इमारतीमागे गार वायूच्या मोठ्या टाक्यांपाशी एक बाक होते. तिथे दुपारचे ऊन येई आणि टाक्यांच्या नळ्यांवर साचलेले बर्फ उन्हातही वितळत नसे. बाकावर बसून त्याने ताईला फोन लावला. तिच्या शाळेची मधली सुट्टी असणार.

"कोण गेलं?" ताईने विचारले.

"कोणी नाही गेलं. का?"

"सोमवारी कशाला फोन करशील तू मग?"

त्याने सांगितले. दातांच्या तारांपासून सुरुवात केली आणि जांभईपर्यंत आला. ताई मध्ये एकदाही बोलली नाही. तो 'असामान्यरीत्या सर्वसामान्य'ला पोचला तेव्हा मात्र ती हसू लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग आवाज बंदच झाला आणि नुसते श्वास येत राहिले. मागे कुणीतरी 'मॅडम, काय झालं?' म्हणून विचारले, तेही त्याला ऐकू आले.

"मी सांगत होते," तिला अखेर बोलता आले. "तू पाचवीत होतास तेव्हापासून सांगत होते. यंत्र कशाला लागतं त्याला?"

"हो ना."

"स्वच्छ आहे? नक्की? सगळं झाड?"

"सगळं. त्यांनी जांभई दिली, ताई."

"अगं आई गं," ती म्हणाली. हे कुणाला उद्देशून नव्हते. मग तिने फोन जरा दूर धरला. तिने नाक पुसले असावे.

"आता तुझा नंबर," बातमीदार म्हणाला. आजवर हे वाक्य त्याच्या तोंडातून कधी निघाले नव्हते, ते किती सहज निघाले याचे त्याला नवल वाटले. "रविवारी इकडे ये. निर्विकार मॅडमना मी सांगतो. माझी इथे आता वट आहे. मी बाहेरच बसेन काचेपाशी. काही वाटत नाही आत, नुसती ठोकाठोक असते. माझं स्वच्छ निघालं म्हणजे तुझंही..."

"नको रे बाबा. पुन्हा त्या नळीत कोण..."

ती थांबली.

टाकीच्या नळीवरून वाफेचा एक लोट खाली आला आणि जमिनीवर पसरला.

"पुन्हा?" बातमीदाराने विचारले.

पलीकडे शाळेचा कलकलाट ऐकू येत राहिला.

"ताई, पुन्हा म्हणजे?"

"गेल्याच्या गेल्या वर्षी," ताई म्हणाली. "उन्हाळ्यात. आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं, तिथे शेजारीच होतं ते स्कॅनचं केंद्र. आईला बाकावर बसवलं, म्हटलं, आलेच. आणि आले करून."

"मग?"

"मग काय. काही नव्हतं. माझ्याही वेळी जांभया देत असतील, मला कुठे दाखवतात?"

बातमीदाराने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होते. त्याच रविवारी. हे सांगायलाच फोन घेतला होता हातात. तर तू म्हणालास, डावा डोळा फडफडतोय, झोप नाही. म्हटलं, आता कसं सांगायचं? माझं सुटलं, तू बस फडफडत? दोघं होतो तोवर काय, निम्मं निम्मं होतं. मी उठून गेले असते तर सगळं तुझ्या एकट्यावर आलं असतं."

"आणि तुझं डोकं दुखायचं ते?"

"ते खरं होतं. नववीचा वर्ग आहे माझ्याकडे."

"दर रविवारी?"

"कधीकधी शनिवारचं उरलेलं सांगायचे," ताई म्हणाली. "एखाद्या रविवारी काहीच नसायचं. मग सकाळपासून आठवत बसायचं, मागच्या वेळी कुठली बाजू सांगितली होती."

बातमीदार हसला. हसता हसता त्याने चष्मा काढून बाकावर ठेवला.

"आईला सांगायला हवं," तो म्हणाला.

"काय सांगणार? तिला तर बाबा गेले त्याच महिन्यात कळलंय की आपलं दोघांचं स्वच्छ आहे."

"बरोबर."

"तीच बरोबर होती बघ घरात."

रविवारचे सगळे बोलणे एकदम संपून गेले होते. कुणी फोन ठेवत नव्हते. तिकडे शाळेची घंटा झाली आणि कलकलाट वर्गांच्या दिशेने जाऊ लागला.

"मग?" थोड्या वेळाने बातमीदार म्हणाला.

"मग काय?"

"काही नाही. सहज."

"तास आहे माझा."

"हो. जा."

ती गेली नाही. ती काहीतरी आठवते आहे असे त्याला वाटले.

"ऐक ना बारक्या," ताई म्हणाली. तिचा आवाज खाली, मुद्द्यावर आला होता. "आईचा मोतीबिंदू काढायचाय पुढच्या महिन्यात. वयाच्या मानाने लवकर आलाय म्हणाले. आणि आजीलाही लवकरच आला होता, आई सांगत होती."

बातमीदाराने दोन्ही पाय बाकावर घेतले. एक डोळा हाताने झाकून त्याने समोरच्या इमारतीकडे पाहिले. मग दुसरा झाकून पाहिले.

"कुठल्या डोळ्यात?" त्याने विचारले.